एकोणीस एकांची संख्या

१. प्रश्न कोठून येतो

मोठमोठ्या संख्यांविषयी ऐकताना सामान्य वाचकाच्या मनात एक रास्त शंका उभी राहते. हजार, लाख, कोटी येथवर संख्येचा व्यवहाराशी संबंध असतो, ती मोजता येते, निदान कोणीतरी मोजली असेल असे मानता येते. परंतु ज्या संख्येत हजारभर अंक आहेत, जी कोणी मोजलेली नाही आणि कोणी कधी मोजणारही नाही, तिला अमुक संख्येने भाग जातो किंवा जात नाही, असे गणिती इतक्या ठामपणे कशाच्या आधारावर सांगतात? ती संख्या समोर नसताना तिचे गुणधर्म कसे कळतात?

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांत सोयीची संख्या म्हणजे केवळ १ हा अंक ओळीने लिहून तयार होणारी संख्या: १, ११, १११, ११११ आणि पुढे हवी तितकी लांब. गणितात अशा संख्येला 'रेप्युनिट' म्हणतात. या प्रकरणात तिला साध्या शब्दांत 'एकांची संख्या' म्हटले आहे, म्हणजे १११११ ही पाच एकांची संख्या झाली. तिची सोय अशी की ती कितीही मोठी असली तरी तिची पूर्ण माहिती एकाच छोट्या संख्येत सामावते, आणि ती छोटी संख्या म्हणजे तिची लांबी. 'एक हजार एकतीस एकांची संख्या' एवढे म्हटले की त्या संख्येतील प्रत्येक अंक ठरून जातो. मोठ्या संख्येविषयी जे खात्रीने कळते ते मोजण्यातून कळत नसून तिच्या घडणीतून कळते, आणि एकांच्या संख्येत ही घडण उघड्यावर असते.

२. अठरा स्थाने आणि रायगडची वाळू

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती' या ग्रंथात दहाच्या पटीने वाढत जाणाऱ्या स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. ही अठरा स्थाने आहेत, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. अठरा एकांची संख्या लिहिली तर या यादीतील प्रत्येक स्थानावर नेमका एक एक अंक बसतो. एकोणीस एकांची संख्या मात्र यादी ओलांडून एका स्थानाने पुढे जाते. ती अशी दिसते:

११,११,११,११,११,११,११,११,१११

तिचा आकार डोळ्यांसमोर आणण्यासाठी रायगडच्या किनाऱ्यावरील वाळूचा हिशेब उपयोगी पडतो. किहीम, वरसोली, अलिबाग, आक्षी, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर अशा पुळणी एकमेकींना जोडून ५० किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद आणि १ मीटर खोल असा वाळूचा एक सलग पट्टा तयार झाला, असे हिशेबापुरते मानावे. त्याचे घनफळ ५० लाख घनमीटर होते. वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा धरला तर एका घन मिलिमीटरमध्ये आठ कण मावतात आणि एका घनमीटरमध्ये आठशे कोटी. म्हणजे संपूर्ण पट्ट्यात चारावर सोळा शून्ये एवढे कण झाले, भास्कराचार्यांच्या भाषेत चार मध्य. एकोणीस एकांची संख्या या कणांच्या सुमारे अठ्ठावीस पट आहे. कणाचा आकार किंवा पट्ट्याची खोली थोडी बदलली तर हा आकडा बदलेल, पण मुद्दा बदलत नाही: ज्या संख्येचे गुणधर्म पुढे पाहायचे आहेत ती मोजून हाती लागणारी नाही.

३. लांबीचे भाग, संख्येचे भाग

एकांच्या संख्येचा पहिला मोठा गुणधर्म समजण्यास शाळेतील गुणाकार पुरेसा आहे. सहा एक लिहून त्यांचे तीन-तीनचे दोन गट पाडले, १११ आणि १११, तर ही संख्या १११ हजार अधिक १११ एवढी होते, म्हणजेच १११ गुणिले १००१. तेच सहा एक दोन-दोनच्या तीन गटांत मांडले तर ११ गुणिले १०१०१ असा गुणाकार मिळतो. कारण उघड आहे: लांबीचे समान तुकडे पाडता आले की प्रत्येक तुकडा सारखाच असतो, त्यामुळे तो तुकडा संपूर्ण संख्येला निःशेष भागतो. यावरून नियम मिळतो तो असा की एका लांबीने दुसऱ्या लांबीला भाग जात असेल, तर पहिल्या लांबीच्या एकांच्या संख्येने दुसरीला भाग जातो. बारा एकांच्या संख्येला ११, १११, ११११ आणि १,११,१११ या चारही संख्यांनी भाग जातो, आणि हे कळण्यासाठी एकही भागाकार करावा लागत नाही.

या नियमातून एक सुंदर उदाहरण निघते. १११ एकांची संख्या घ्यावी. १११ला ३ने भाग जातो, म्हणून १११ एकांच्या संख्येला तीन एकांच्या संख्येने, म्हणजे १११नेच, भाग जातो. तिच्या अंकांची बेरीजही १११ आहे. ज्या संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला 'हर्षद संख्या' असे नाव महाराष्ट्रातील एका शाळाशिक्षकाने दिले, आणि त्या शिक्षकाचा एकांच्या संख्यांशी फार जवळचा संबंध आहे.

४. देवळालीचे कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी असा त्यांचा मार्ग होता. पुढे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. ६१७४ या संख्येच्या गुणधर्मामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले, विशेषतः मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर. परंतु ६१७४च्या प्रसिद्धीमुळे त्यांच्या इतर कामाकडे कमी लक्ष गेले, ही खेदाची गोष्ट आहे, कारण मोठ्या संख्यांच्या दृष्टीने ते काम अधिक दूरवर जाते.

त्यांनी 'डेम्लो संख्या' नावाचा एक प्रकार अभ्यासला. हे नाव त्यांनी मुंबईहून सुमारे तीस मैलांवर असलेल्या, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकावरून घेतले, कारण या संख्यांचा विचार त्यांना त्या स्थानकावर सुचला. तेच आजचे डोंबिवली. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध संख्या एकांच्या संख्यांचे वर्ग करून मिळतात:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

नऊ एकांपर्यंत हा क्रम अखंड चालतो आणि वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. त्याचे कारण उभ्या मांडणीच्या गुणाकारात दिसते: प्रत्येक ओळीत तीच एकांची संख्या एक घर डावीकडे सरकलेली असते, त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असे एक जमत जातात, मध्यावर ते सर्वांत जास्त होतात आणि नंतर पुन्हा कमी होतात. दहा एकांच्या बाबतीत मधल्या स्तंभात दहा एक जमतात, हातचा पुढे जातो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा दिसतो. येथे क्रम मोडला असे वरवर वाटते, पण स्तंभांची बेरीज पूर्वीसारखीच १ ते १० आणि परत १ अशी आहे. फक्त एका घरात एकच अंक मावतो या लिहिण्याच्या पद्धतीमुळे ती झाकली गेली आहे.

कापरेकरांच्या नावाने ओळखला जाणारा आणखी एक प्रकार तर कोणत्याही लांबीला लागू पडतो. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज केली असता मूळची संख्या परत मिळते, ती 'कापरेकर संख्या'. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. एकांच्या कोणत्याही संख्येला नऊने गुणले की तितक्याच लांबीची नवांची संख्या मिळते, आणि अशी प्रत्येक संख्या कापरेकर संख्या असते. ९९चा वर्ग ९८०१, त्यातून ९८ अधिक ०१. ९९९चा वर्ग ९९८००१, त्यातून ९९८ अधिक ००१. हजार नवांच्या संख्येचा वर्ग म्हणजे ९९९ नऊ, मग एक ८, मग ९९९ शून्ये आणि शेवटी १. तो कोणी कागदावर करून पाहिला नसला तरी त्याचा प्रत्येक अंक आत्ताच सांगता येतो.

५. अलिबागच्या पिनकोडचा हिशेब

आता उलट दिशेने प्रश्न विचारता येतो. एखादी संख्या हाती दिली, तर तिने निःशेष भाग जाईल अशी एकांची संख्या असते का? अलिबागचा पिनकोड ४०२२०१ घ्यावा. केवळ एकांनी बनलेली अशी एखादी संख्या आहे का, जिला ४०२२०१ने भाग जातो?

आधी लहान उदाहरण ७चे. १, ११, १११, ११११ यांना ७ने भागत गेल्यास बाकी अनुक्रमे १, ४, ६, ५ येते, पाच एकांना २ आणि सहा एकांना ०. प्रत्येक पायरीवर पूर्ण भागाकार करण्याची गरज नाही. आधीच्या बाकीची दहापट करून तीत १ मिळवावा आणि पुन्हा ७ने भागावे, एवढे पुरते. ४ची दहापट अधिक १ म्हणजे ४१, आणि ४१ला ७ने भागल्यावर बाकी ६.

४०२२०१ने भागल्यास बाकी ० ते ४०२२०० यांपैकीच काहीतरी येणार, म्हणजे एकूण ४०२२०१ शक्यता. एकांच्या संख्या ४०२२०२ लिहिल्या, तर निदान दोन संख्यांची बाकी सारखी आलीच पाहिजे. त्या दोघींची वजाबाकी केली की उत्तरात डावीकडे काही एक आणि उजवीकडे काही शून्ये राहतात, आणि त्या उत्तराला ४०२२०१ने भाग जातो. शून्ये म्हणजे दहाची पट, दहामध्ये २ आणि ५ याच मूळ संख्या आहेत, आणि ४०२२०१ला त्यांपैकी कोणानेही भाग जात नाही. म्हणून शून्ये खोडून टाकली तरी उरलेल्या एकांच्या संख्येला भाग जातोच. अशी संख्या असल्याची खात्री झाली, तीही ती न शोधता. येथे मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने भाग न जाणारी, एकाहून मोठी संख्या.

ती शोधणेही अवघड नाही. ४०२२०१ म्हणजे ९ × २३ × २९ × ६७. नऊने भाग जाण्यासाठी अंकांची बेरीज, म्हणजे येथे लांबी, नऊच्या पटीत हवी. सातच्या उदाहरणासारखाच बाकीचा हिशेब केला तर असे दिसते की २३ने प्रथम भाग जातो तो बावीस एकांच्या संख्येला, २९ने अठ्ठावीस एकांच्या आणि ६७ने तेहेतीस एकांच्या. त्यानंतर त्या त्या लांबीच्या पटींनाच. तेव्हा ९, २२, २८ आणि ३३ या चौघांचा लघुत्तम सामाईक विभाज्य काढावा. तो २७७२ आहे. म्हणजे २७७२ एकांची संख्या ही अलिबागच्या पिनकोडने निःशेष भागली जाणारी सर्वांत लहान एकांची संख्या, आणि तिच्या आधी अशी एकही नाही. सुमारे दीड पान भरेल एवढ्या अंकांच्या संख्येविषयीचे हे विधान चार लहान भागाकारांवर उभे आहे. श्रीवर्धनच्या ४०२११० किंवा उरणच्या ४००७०२ या पिनकोडांच्या वाट्याला मात्र अशी संख्या येत नाही, कारण दोन्ही सम आहेत आणि १ने संपणारी संख्या कधीच सम नसते.

६. मूळ संख्यांचा कठीण प्रदेश

येथवर लांबीने सर्व काही सांगितले. पुढचा प्रश्न तितका वश होत नाही: एकांची कोणती संख्या मूळ संख्या असते?

तिसऱ्या भागातील नियमावरून अर्धे उत्तर मिळते. लांबीचे समान तुकडे पाडता येत असतील तर संख्येचेही अवयव पडतात, म्हणून लांबी स्वतः मूळ संख्या असल्याखेरीज एकांची संख्या मूळ असू शकत नाही. परंतु लांबी मूळ असणे पुरेसे नाही. ११ मूळ आहे; १११ म्हणजे ३ × ३७; १११११ म्हणजे ४१ × २७१; सात एकांची संख्या २३९ × ४६४९ आहे. अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या संख्यांचेही अवयव पडतात. एकोणीस एकांची संख्या मात्र मूळ आहे, आणि हे १९१६ मध्ये ऑस्कर हॉप यांनी सिद्ध केले, तेव्हा संगणक नव्हते.

या सिद्धतेची किंमत कळण्यासाठी सरळ मार्ग किती लांब होता ते पाहावे. संख्या मूळ आहे हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतचे भाजक तपासावे लागतात, आणि येथे वर्गमूळ एक अब्जाहून थोडे मोठे आहे. एकोणीस एकांच्या संख्येला अवयव असलाच तर त्याला ३८ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, असा एक नियम आहे (लांबीच्या दुपटीने भागल्यावर १ उरणे, सात एकांच्या बाबतीत २३९ आणि ४६४९ या दोन्हींना १४ने भागून हे पडताळता येते). त्याने काम अडतीस पटींनी कमी होते, तरी सुमारे २ कोटी ७७ लाख भाजक उरतात. मिनिटाला एक भागाकार अशा गतीने, झोप न घेता, पन्नासहून अधिक वर्षे लागतील.

म्हणून दुसरा मार्ग हवा, आणि एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांच्या विचारातून तो मिळतो. त्याचे रूप ७ या संख्येवर पाहता येते. ७मधून १ वजा केला की ६, आणि ६चे मूळ अवयव २ व ३. आता ३चा सहावा घात ७२९, त्याला ७ने भागल्यावर बाकी १. सहाला दोनाने भागून मिळालेला तिसरा घात २७, बाकी ६. तिनाने भागून मिळालेला दुसरा घात ९, बाकी २. पूर्ण घाताला बाकी १ येते आणि कमी केलेल्या घातांना १ येत नाही, एवढ्यावरून ७ मूळ असल्याचे सिद्ध होते. ७ला कोणत्याही भाजकाने भागून पाहावे लागत नाही. मोठ्या संख्येच्या बाबतीतही घात प्रत्यक्ष काढायचा नसतो, वर्ग करत जाऊन दर वेळी फक्त बाकी ठेवायची असते, आणि एकोणीस अंकी संख्येसाठी एका घाताला साठाच्या आसपास वर्ग पुरतात.

या मार्गात एकच अट आहे: संख्येतून १ वजा केल्यावर जे उरते त्याचे मूळ अवयव माहीत हवेत. एकांच्या संख्येचे वैभव येथे सर्वांत अधिक दिसते. एकोणीस एकांतून १ वजा केला की अठरा एकांपुढे एक शून्य उरते, म्हणजे अठरा एकांची संख्या गुणिले दहा. आणि अठरा ही भरपूर भाजक असलेली लांबी असल्यामुळे तिच्या संख्येचे अवयव सहज सुटतात. दहाचे २ आणि ५ धरून ३, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७ अशा एकूण दहाच वेगवेगळ्या मूळ संख्या तेथे लागतात. धाकट्या संख्येचे सुटलेले अवयव थोरल्या संख्येच्या अखंडपणाचा पुरावा देतात.

एकोणिसानंतर तेवीस एकांची संख्या मूळ असल्याचे १९२०च्या दशकाअखेर सिद्ध झाले. त्यापुढची मूळ संख्या एकदम ३१७ एकांची. ती ह्यू विल्यम्स यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध केली. विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांची १०३१ एकांविषयीची सिद्धता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, ज्या वर्षी कापरेकरांचे निधन झाले. त्यानंतर ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी असे १९९९ मध्ये आणि ८६,४५३ एकांची २००० मध्ये दिसून आले, परंतु 'असावी' आणि 'आहे' यांतील अंतर कापायला दोन दशके लागली: पहिलीची सिद्धता २०२२ मध्ये पूर्ण झाली, दुसरीची २०२३ मध्ये. इतक्या लांब संख्यांमधून १ वजा केल्यावर उरणाऱ्या भागाचे पुरेसे अवयव हाती येत नाहीत, म्हणून तेथे ल्युकांचा मार्ग थांबतो आणि संगणकावर महिनोन्‌महिने चालणाऱ्या, निराळ्या भूमितीवर आधारलेल्या पद्धती वापराव्या लागतात.

२,७०,३४३ एकांची संख्या २००७ मध्ये, तर ५७,९४,७७७ आणि ८१,७७,२०७ एकांच्या संख्या २०२१ मध्ये 'असावी'च्या यादीत आल्या. त्या संगणकाने घेतलेल्या मूळपणाच्या चाचण्यांना उतरल्या आहेत, त्यांचा एकही अवयव सापडलेला नाही, आणि त्या मूळच निघतील असे बहुतेक गणिती मानतात. सिद्धता मात्र अजून कोणापाशी नाही. एकांच्या मूळ संख्यांना शेवट आहे की नाही, हेही सिद्ध झालेले नाही. लांबी वाढत जाते तशा त्या विरळ होतात, तरी त्यांना अंत नसावा असा कयास आहे, आणि ८१,७७,२०७च्या पुढच्या मूळ लांबींवर शोध चालूच आहे.